कैली आणि वजनी : पायलीपासून आइस्क्रीमच्या वाटीपर्यंत

मराठेशाहीतील जमाखर्चाचे कागद वाचणाऱ्या अभ्यासकास 'कैली' आणि 'वजनी' ही दोन विशेषणे वारंवार आढळतात. धान्य मापाने भरून दिले-घेतले असेल, तर त्याची नोंद कैली. गूळ, लोखंड यांसारखा जिन्नस काट्यावर तोलला असेल, तर ती वजनी. कारकुनाच्या दृष्टीने हा भेद लेखनाच्या शिस्तीचा होता. तथापि त्याच्या मुळाशी पदार्थविज्ञानातील एक महत्त्वाचे तथ्य आहे. भांड्यात मावलेल्या पदार्थाचे आकारमान आणि त्याच पदार्थाचे वजन या दोन वेगळ्या राशी असून, एकीवरून दुसरी काढण्यास पदार्थाच्या नावाखेरीज आणखीही काही माहिती लागते. ही माहिती कोणती, आणि ती न घेता केलेले रूपांतर किती फसवे ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी दोन उदाहरणे घेतली आहेत. एक कोकणातील खळ्यावरचे, पायलीने मोजलेल्या भाताचे. दुसरे स्वयंपाकघरातले, वाटीने मोजलेल्या आइस्क्रीमचे. ही दोन्ही वरवर एकमेकांपासून फार दूरची दिसतात; परंतु दोहोंतील अडचण एकाच जातीची आहे.

१. मापांचे कोष्टक आणि नावांचा घोटाळा

पोलादपूर तालुक्यातील कापडे आणि त्याच्या आसपासची गावे सावित्रीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेली आहेत. महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात मोडत. १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. खाचरांत भात आणि वरकस उतारावर नाचणी व वरी, ही या डोंगरपट्ट्यातील परंपरागत पिके होत. (कोकणात 'भात' म्हणजे सालीसकट दाणा, साल काढल्यावर तो 'तांदूळ' होतो. प्रस्तुत लेखात हे शब्द याच अर्थाने वापरले आहेत.) अशा मुलुखात धान्याची मोजणी तराजूपेक्षा मापाने होणे स्वाभाविक होते. तराजूस प्रमाणित वजने लागतात; मापास एक भांडे पुरते.

मराठी मुलुखातील मापांचे रूढ कोष्टक असे : दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. प्रत्येक पायरीवर दुप्पट होणारी ही श्रेणी आहे. म्हणून एका पायलीत ६४ निळवी बसतात. दुपटीच्या श्रेणीचा लाभ असा की, एक भांडे खरे असल्यास त्यावरून वरची-खालची सर्व भांडी तराजूवाचून पडताळता येतात. खळ्यावर माप घालताना पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची चालही सर्वपरिचित आहे.

पायलीच्या वरची पायरी मात्र सर्वत्र सारखी नव्हती. कोठे १२ पायल्यांचा मण, तर कोठे १६ पायल्यांचा. पहिल्यास 'बारुला' व दुसऱ्यास 'सोळुला' म्हणत. २० मणांची खंडी हे प्रमाण मात्र पुष्कळ ठिकाणी समान होते. यात भर म्हणजे शेर आणि मण ही नावे वजनासही लागू होती. ब्रिटिश अमदानीत प्रमाण मानलेला वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. व ४० शेरांचा मण सुमारे ३७.३ किलोग्रॅम. मुंबई शहरातील जुना मण याहून निराळा, २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅम होता.

एकच नाव आकारमानास व वजनास मिळाल्यामुळे एक चुकीचे समीकरण सहज उद्भवते : 'पायली म्हणजे चार शेर, शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, म्हणून पायली म्हणजे पावणेचार किलो.' यातील पहिला शेर भांड्याचा व दुसरा काट्याचा आहे. तांदूळ, भात, नाचणी, मीठ आणि पोहे या सर्वांची पायली एकाच वजनाची असावी असे या समीकरणातून निष्पन्न होते. तसे ती असू शकत नाही, हे कोणतीही गृहिणी सांगेल.

२. मापात काय मावते

धान्याने भरलेल्या मापात धान्य असते आणि हवाही असते. दाण्यांच्या मधल्या फटी कितीही दाबल्या तरी नाहीशा होत नाहीत. समान आकाराचे गोल जर पेटीत स्वैरपणे ओतून चांगले हलविले, तर ते पेटीचा सुमारे ६४ टक्के भाग व्यापतात. अत्यंत व्यवस्थित रचले तरी ७४ टक्क्यांच्या वर जात नाहीत. ही वरची मर्यादा योहानेस केप्लर याने १६११ साली अनुमानाने सांगितली आणि टॉमस हेल्स याने १९९८ साली तिची सिद्धता दिली. धान्याचे दाणे गोल नसतात, एकसारखेही नसतात; तथापि प्रमाण साधारण याच टप्प्यातले असते. तांदळाच्या एका दाण्याची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट आहे. परंतु एक लिटर मापात मावणाऱ्या तांदळाचे वजन सुमारे ७८० ग्रॅमच भरते. म्हणजे त्या मापाचा जवळजवळ ४४ टक्के भाग हवेने व्यापलेला असतो.

भाताची गोष्ट याहून निराळी आहे. त्याची साल हलकी, खरखरीत आणि टोकदार. दाणे एकमेकांवर अडतात आणि सालीच्या आतही थोडी पोकळी राहते. त्यामुळे एक लिटर भाताचे वजन साधारणतः ५५० ते ६०० ग्रॅमच भरते. नाचणीचा दाणा बारीक, गोल व गुळगुळीत असल्यामुळे तिचे लिटरमागे वजन तांदळाच्या जवळपास, ७५० ते ८०० ग्रॅमच्या सुमारास येते. यावरून पहिला नियम मिळतो : मापावरून वजन काढण्यास पदार्थाची घनता पुरेशी नाही, त्या पदार्थाच्या राशीची, म्हणजे फटींसकट ढिगाची, घनता लागते.

ही राशीची घनता भरण्याच्या रीतीवर अवलंबून असते. धान्य वरून अलगद सोडल्यास दाणे सैल बसतात. भांडे ठोकल्यास वा हलविल्यास ते खाली बसून आणखी धान्य मावते. दाणेदार पदार्थात हा फरक दहा टक्क्यांच्या घरात जाऊ शकतो. पिठात तो याहूनही मोठा असतो. चाळून अलगद भरलेल्या गव्हाच्या पिठाचे लिटरमागे वजन ५०० ग्रॅमच्या आसपास, तर तेच पीठ डब्यात भांडे खुपसून काढल्यास ६०० ग्रॅमच्या आसपास भरते. भांडे तेच, पीठ तेच. भरणारा हात तेवढा निराळा.

३. शीग : भांड्याबाहेरचे माप

मापाच्या काठावर धान्याचा जो शंकू उभा राहतो, त्यास 'शीग' म्हणतात. काठी फिरवून काठाशी सपाट केलेले माप आणि शीग लावलेले माप यांत फरक किती, हा प्रश्न गणिताने सोडविता येतो, आणि त्याचे साधन भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) मिळते.

लीलावतीतील 'राशिव्यवहार' हे प्रकरण जमिनीवर रचलेल्या धान्याच्या ढिगाचे घनफळ काढण्याविषयी आहे. तेथे ढिगाची उंची त्याच्या परिघावरून ठरविण्याचा नियम दिला आहे : जाड धान्याच्या ढिगाची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या भागाइतकी, आणि भातासारख्या शूकधान्याची, म्हणजे कुसळ असलेल्या धान्याची, नवव्या भागाइतकी. घनफळासाठी परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्यास उंचीने गुणावयाचे. परिघ व व्यास यांचे गुणोत्तर स्थूलमानाने ३ धरल्यास हे शंकूच्या घनफळाचेच सूत्र होय. अचूक सूत्राच्या मानाने ते सुमारे पावणेपाच टक्के अधिक देते. व्यवहारास एवढी अचूकता चालण्यासारखी होती.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या नियमाचे महत्त्व दुसरे आहे. उंची आणि परिघ यांचे प्रमाण सांगणे म्हणजेच ढिगाच्या उताराचा कोन सांगणे. नवव्या भागाच्या नियमावरून शूकधान्याचा कोन सुमारे ३५ अंश, दहाव्या भागावरून जाड धान्याचा सुमारे ३२ अंश आणि अकराव्या भागावरून बारीक धान्याचा सुमारे ३० अंश निघतो. पदार्थविज्ञानात आज ज्यास विरामकोन म्हणतात तो हाच. आणि आधुनिक मोजणीतही भाताचा विरामकोन साधारण ३५ अंशांच्या सुमारासच येतो, ओलावा वाढल्यास तोही वाढतो.

आता शिगेचा हिशेब. नळकांड्याच्या आकाराच्या मापाची उंची त्याच्या व्यासाइतकी असेल, तर त्यावर भाताची पूर्ण शीग उभी राहिल्यास ती सपाट मापाच्या ११.६ टक्के भरते. माप उथळ व रुंद असेल, म्हणजे उंची व्यासाच्या निम्मी असेल, तर शीग २३.३ टक्के होते. माप उंच व अरुंद, उंची व्यासाच्या दीडपट, असल्यास शीग ७.८ टक्क्यांवर उतरते. नाचणीसारख्या बारीक धान्यास हे आकडे थोडे कमी येतात. पहिल्या प्रकारच्या मापात ९.५ टक्के. म्हणजे सपाट भरल्यास तंतोतंत जुळणारी दोन मापे शीग लावताच एकमेकांपासून चौदा टक्क्यांपर्यंत दूर जातात. म्हणून केवळ भांड्याची धारणा नोंदविणे पुरेसे नाही. तोंडाचा व्यास आणि उंची याही गोष्टी नोंदविल्या पाहिजेत.

४. शिगेचा अर्थव्यवहार

हा हिशेब केवळ भूमितीचा नाही. धान्यात होणाऱ्या देण्याघेण्याचे दोन वर्ग पडतात आणि शिगेचा परिणाम त्या दोहोंत अगदी वेगळा होतो.

पहिला वर्ग वाटणीचा. कोकणातील खोती गावांत कुळाने उत्पन्नाचा निम्मा हिस्सा द्यावयाचा असल्यास त्यास अर्धेल म्हणत; तिसरा हिस्सा असल्यास तिर्धेल. अशा वाटणीत सगळी रास एकाच मापाने, एकाच हाताने मोजली गेली, तर माप लहान की मोठे, सपाट की शिगेचे, याने हिश्श्यात काहीच फरक पडत नाही. प्रमाण तेच राहते. वजनाचे रूपांतर कळण्याची आवश्यकताच पडत नाही.

दुसरा वर्ग ठरीव देण्याचा. मक्त्याने ठरलेला खंड, बलुतेदाराचे ठराविक माप, किंवा पावसाळ्यात घेतलेले आणि सुगीला फेडावयाचे धान्याचे कर्ज, ही त्याची उदाहरणे. येथे आकडा आधी ठरतो आणि माप नंतर घातले जाते. म्हणून मापाची रीत हाच व्यवहाराचा गाभा बनतो. धान्याच्या कर्जावर सवाई, म्हणजे पाव हिस्सा अधिक, किंवा दिढी, म्हणजे निम्मा हिस्सा अधिक, अशी वाढ घेण्याची पद्धत महाराष्ट्रात सुपरिचित आहे. भात देताना माप सपाट आणि परत घेताना शिगेचे, असे झाल्यास काय होते ते पाहावे. व्यासाइतक्या उंचीच्या मापाने सव्वापट परत घेतल्यास प्रत्यक्षात १.२५ गुणिले १.११६, म्हणजे सुमारे १.४० पट धान्य जाते. माप रुंद व उथळ असल्यास १.२५ गुणिले १.२३३, म्हणजे १.५४ पट. अर्थात तोंडाने 'सवाई' ठरलेला व्यवहार भांड्याच्या आकारामुळे दिढीच्याही वर जातो, आणि वहीत मात्र सवाईच लिहिलेली राहते.

असे अमुक गावी, अमुक सावकाराने केले, हे या गणितावरून सिद्ध होत नाही; गणित केवळ वहीतील आकड्यामागे किती जागा शिल्लक आहे ते दाखविते. परंतु कोकणातील जमीनविषयक चळवळींचा अभ्यास करणाऱ्याने ही जागा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. या काळातील खंड आणि थकबाकी यांचे आकडे जेथे मणांत आणि खंडीत दिले आहेत, तेथे त्यांचे किलोग्रॅममध्ये रूपांतर करण्यापूर्वी मण कोणता व माप कोणते, हे विचारावेच लागते.

या प्रश्नाचे उत्तर किती भिन्न येऊ शकते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. कागदात 'भात १० मण' एवढाच उल्लेख आहे असे समजू. गणितापुरता मापाचा शेर एक लिटर आणि भाताचे लिटरमागे वजन ५७५ ग्रॅम धरू. मुंबईचा जुना वजनी मण धरल्यास १२७ किलो. बारुला कैली मण, सपाट मापाने, धरल्यास २७६ किलो. सोळुला धरल्यास ३६८ किलो. ८० तोळी शेराचा वजनी मण धरल्यास ३७३ किलो. आणि सोळुला मण ११.६ टक्के शिगेसह धरल्यास ४११ किलो. एकाच शब्दाचे हे पाच अर्थ असून लहानात लहान व मोठ्यात मोठा यांत तिपटीहून अधिक अंतर आहे. अशा नोंदींवरून कुटुंबाच्या अन्नधान्याचा वा उत्पन्नाचा अंदाज बांधणाऱ्या प्रबंधात, आकड्याच्या दशांशस्थळांपेक्षा या निवडीचे समर्थन अधिक महत्त्वाचे ठरते.

५. भात, तांदूळ आणि ओलावा

आणखी एक गैरसमज भात आणि तांदूळ यांच्या प्रमाणात उद्भवतो. भात भरडून सडल्यावर मिळणारा तांदूळ वजनाने साधारणतः दोन-तृतीयांश असतो. परंतु तांदूळ भातापेक्षा दाट बसतो. म्हणून एक पायली भातापासून मिळालेला तांदूळ पायलीने मोजल्यास तो जवळजवळ अर्धी पायलीच भरतो : ५७५ ग्रॅमच्या दोन-तृतीयांश म्हणजे सुमारे ३८५ ग्रॅम, आणि ७८० ग्रॅमला एक लिटर या हिशेबाने त्याचे आकारमान अर्धा लिटर. मापाने निम्मा आणि वजनाने दोन-तृतीयांश, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. एका कागदात पहिले प्रमाण व दुसऱ्यात दुसरे आढळल्यास त्यावरून गिरणीच्या वा उखळाच्या कार्यक्षमतेविषयी निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

येथपर्यंतच्या विवेचनावरून वजन हेच निर्दोष प्रमाण आहे असे वाटण्याचा संभव आहे. तेही पूर्ण सत्य नव्हे. नुकत्याच कापलेल्या भातात ओलावा २० टक्के असेल आणि वाळवून तो १४ टक्क्यांवर आणला, तर १०० किलोचे ९३ किलो होतात. दाण्यातील सत्त्वांश मात्र जसाच्या तसा राहतो. सावित्रीच्या खोऱ्यासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात साठवणीच्या धान्याचा ओलावा ऋतुमानाप्रमाणे बदलतो, हे येथे विसरता येत नाही. माप हवेमुळे फसविते, वजन पाण्यामुळे. फरक इतकाच की, ओलावा काढून मोजता येतो व त्यास मर्यादा घालता येते; भरणाऱ्या हाताला मर्यादा घालणे अवघड.

६. दशमान पद्धती आणि मापाचा अस्त

स्वतंत्र भारतात १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला. त्यान्वये १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत मेट्रिक वजने सुरू झाली आणि १९६२ पर्यंत ती व्यापारात देशभर बंधनकारक झाली. त्या कायद्याची जागा पुढे १९७६ च्या व नंतर २००९ च्या वैधमापन कायद्याने घेतली. या परिवर्तनाचे वर्णन 'शेर जाऊन किलो आला' असे केले जाते. ते अपुरे आहे. शेराचा किलो होणे हा वजनातला वजनात बदल होता व त्यास एक गुणक पुरला. पायलीचा किलो होणे हा राशीच्या प्रकारातलाच बदल होता. तेथे प्रत्येक धान्यास स्वतंत्र गुणक हवा, आणि तोही सपाट मापास निराळा, शिगेच्या मापास निराळा. कायद्याने किलोग्रॅम दिला. गुणक मात्र ज्याचा त्याने आपल्या भांड्यावरून काढावयाचा होता.

७. स्वयंपाकघरातील वाटी

बाजारातून माप हटले तरी स्वयंपाकघरातून ते हटले नाही, आणि हटण्याचे कारणही नाही. मराठी पाककृतींत वाटी, फुलपात्र, पळी, चमचा ही प्रमाणे आजही चालतात. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रूढ केले. एकाच वाटीने तांदूळ आणि पाणी मोजले, तर वाटी कोणतीही असो, प्रमाण बिघडत नाही. वर सांगितलेल्या अर्धेलीच्या वाटणीचाच हा नियम होय. अडचण येते ती पाककृती एका घरातून दुसऱ्या घरात, विशेषतः दुसऱ्या देशात जाते तेव्हा. अमेरिकेतील कप २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५० मिलिलिटरचा. आपल्याकडील वाटीस कोणतेच सर्वमान्य प्रमाण नाही. वसतिगृहाच्या भोजनालयात शंभर माणसांसाठी खरेदी करताना, आहाराचे पोषणमूल्य काढताना किंवा दोन विक्रेत्यांचे दर ताडताना वाटीचे ग्रॅम करावेच लागतात.

द्रव पदार्थात हे सोपे आहे. एक लिटर पाणी एक किलो, दूध सुमारे १.०३ किलो, खाद्यतेल सुमारे ०.९२ किलो. द्रवात फटी नसतात, शीग नसते, आणि दाबून अधिक भरता येत नाही. दाणेदार पदार्थात फटींमुळे अडचण येते, पिठात ती वाढते, आणि तिची परिसीमा आइस्क्रीममध्ये गाठली जाते. तेथे हवा अपघाताने शिरत नाही. ती यंत्राने हेतुपुरस्सर भरली जाते आणि पदार्थाचाच घटक बनते.

८. आइस्क्रीम : हवेसकट मोजलेला पदार्थ

दूध, साय, साखर इत्यादींच्या मिश्रणाची घनता लिटरला सुमारे १.१ किलो असते. हे मिश्रण गोठताना घुसळले जाते आणि त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात. या बुडबुड्यांमुळे आइस्क्रीम मऊ राहते. ते नसतील तर बर्फाचा दगड बनेल. मिश्रणाच्या आकारमानात अशी जी वाढ होते, तिला दुग्धव्यवसायात 'ओव्हररन' म्हणतात. तिचे मराठीत 'फुगवटा' असे वर्णन करता येईल. ती मोजण्याची रीत सोपी आहे. एकाच भांड्यात प्रथम मिश्रण व नंतर आइस्क्रीम भरून दोहोंचे वजन करावे. वजनांतील फरकास आइस्क्रीमच्या वजनाने भागून शंभराने गुणावे.

यावरून रूपांतराचे सूत्र मिळते : आइस्क्रीमचे लिटरमागे वजन म्हणजे मिश्रणाची घनता भागिले एक अधिक फुगवटा. फुगवटा शंभर टक्के असल्यास लिटरचे वजन ५५० ग्रॅम. पन्नास टक्के असल्यास सुमारे ७३३ ग्रॅम. पंचवीस टक्के असल्यास ८८० ग्रॅम. १५० मिलिलिटरच्या एका सपाट वाटीत अनुक्रमे सुमारे ८३, ११० आणि १३२ ग्रॅम आइस्क्रीम मावेल. कुल्फी साच्यात न घुसळता गोठविली जाते. तिच्यात हवा जवळजवळ नसते आणि केवळ पाण्याचा बर्फ होताना होणारी थोडी वाढ असते. म्हणून तीच वाटी कुल्फीने भरल्यास वजन १५५ ग्रॅमच्या पुढे जाते. 'एक वाटी' या शब्दांत दुपटीचा फरक सामावलेला आहे, तो असा.

फुगवट्याला अर्थातच आर्थिक बाजू आहे. हवेला किंमत नसते, आणि लिटरवर विकल्या जाणाऱ्या पदार्थात ती लिटरच्याच भावाने विकली जाते. यास्तव कायद्याने मर्यादा घातलेली आहे. भारतातील अन्न सुरक्षा व मानके यांविषयीच्या २०११ च्या नियमांनी आइस्क्रीमचे वजन लिटरला ५२५ ग्रॅमपेक्षा कमी नसावे असे ठरविले. अमेरिकेतील नियम गॅलनला साडेचार पौंडांचा, म्हणजे लिटरला सुमारे ५३९ ग्रॅमचा आहे. १.१ घनतेच्या मिश्रणास भारतीय मर्यादा लावल्यास फुगवटा जास्तीत जास्त ११० टक्क्यांच्या जवळपास येतो. या मर्यादेचे स्वरूप लक्षणीय आहे : हवा किती असावी हे थेट न सांगता, मापाला वजनाची अट जोडून ती अप्रत्यक्षपणे बांधली आहे. खळ्यावरील शिगेला अशी अट कोणी जोडली असती, तर सवाईची दिढी होण्यास वाव राहिला नसता.

खरेदीदाराच्या बाजूने हाच हिशेब असा मांडता येईल. दोन प्रकारचे आइस्क्रीम लिटरला एकाच भावाने मिळत आहे. एकाचा फुगवटा शंभर टक्के, दुसऱ्याचा पन्नास. पहिले घेणाऱ्यास लिटरमागे १८३ ग्रॅम, म्हणजे दुसऱ्याच्या मानाने पाव हिस्सा, पदार्थ कमी मिळतो. दोहोंत स्निग्धांश दहा टक्के असला तरी १०० मिलिलिटरमध्ये पहिल्यात ५.५ ग्रॅम आणि दुसऱ्यात ७.३ ग्रॅम स्निग्धांश येईल. त्यामुळे आहारशास्त्रातील कोष्टके वापरताना ती १०० ग्रॅमची आहेत की १०० मिलिलिटरची, हे पाहिल्यावाचून आकडे उचलू नयेत.

घरगुती मोजणीत आणखी दोन बाबी येतात. घट्ट आइस्क्रीमचे गोळे वाटीत टाकल्यास गोळ्यांमध्ये फटी राहतात. येथे आइस्क्रीम धान्यासारखे वागते. उलट ते मऊ होऊन दाबले गेल्यास फटी बुजतात, आणि वितळल्यास बुडबुडेही फुटून आकारमान उतरते. वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठविल्यास त्याचे वजन तेच राहते, पण वाट्या कमी भरतात.

९. अभ्यासकासाठी रीत

वरील विवेचनावरून क्षेत्रकार्यात किंवा प्रयोगशाळेत वापरण्याजोगी एक रीत निघते. जुने मापटे वा पायली हाती आल्यास प्रथम ती कोरडी तोलावी, मग काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोलावी. दोन वजनांतील किलोग्रॅमचा फरक म्हणजेच तिची लिटरमधली धारणा. भांडे बांबूचे वा झिरपणारे असेल, तर पाण्याऐवजी बारीक कोरडी वाळू भरून ती नंतर अंशांकित भांड्यात ओतून मोजावी. तोंडाचा व्यास आणि आतील उंची लिहून ठेवावी. त्यानंतर स्थानिक धान्य तीन रीतींनी भरावे : अलगद व सपाट, ठोकून व सपाट, आणि शीग लावून. प्रत्येक रीत निदान पाच वेळा करून सरासरीबरोबर कमीअधिक अंतरही नोंदवावे. धान्याची जात आणि ओलावा लिहावा. हे माप कोण, कोणत्या व्यवहारात, कसे भरीत असे, याची चौकशी वयस्क माणसांकडे स्वतंत्रपणे करावी. कारण भांडे भरण्याची रीत भांड्यावर कोरलेली नसते.

आइस्क्रीम किंवा तत्सम पदार्थाच्या बाबतीत पाककृतीतील वाटीची धारणा पाण्याने ठरवावी, पदार्थाचे वजन प्रत्यक्ष काट्यावर घ्यावे, आणि ते शक्य नसल्यास फुगवटा कोणता गृहीत धरला ते लिहावे. आकडा ग्रॅममध्ये देऊन गृहीत न सांगणे हे मणाचे किलो करून मण न सांगण्यासारखेच होय.

कैली आणि वजनी असा भेद पाळणाऱ्या जुन्या कारकुनाने कैलीचे वजन करून लिहिले नाही. जे जसे मोजले ते तसेच नोंदविले. त्याची ही शिस्त आजच्या संशोधकाच्याही उपयोगाची आहे. मूळ नोंद मापात असेल तर ती मापातच उद्धृत करावी, तिच्यापुढे रूपांतरित वजन द्यावे, आणि त्या दोहोंच्या मध्ये पदार्थ, भांडे, भरण्याची रीत व ओलावा किंवा हवा या चार गोष्टींविषयी काय धरले ते स्पष्ट करावे. कापड्यासारख्या गावातील एखाद्या घराच्या वहीत 'भात दहा मण' अशी ओळ सापडल्यास, ते धान्य त्या घराला वर्षभर पुरले की पावसाळ्यात पुन्हा सवाईने काढावे लागले, याचे उत्तर या चार गोष्टींवर अवलंबून राहील.